श्राव्यग्रंथ : ध्वनीचे संपीडन व संपादन

ग्रंथातील मजकूर मोठ्याने वाचून केलेल्या ध्वनिमुद्रणास श्राव्यग्रंथ किंवा बोलके पुस्तक म्हणतात. गीताचे ध्वनिमुद्रण तीन-चार मिनिटांत संपते; मध्यम आकाराच्या कादंबरीचे वाचन मात्र आठ ते बारा तास चालते. त्यामुळे कमीत कमी जागेत अधिकात अधिक वाचन कसे साठवावे, हा प्रश्न श्राव्यग्रंथांच्या इतिहासात आरंभापासूनच मध्यवर्ती राहिला आहे. ध्वनी कमी जागेत बसविण्याच्या क्रियेस संपीडन म्हणतात. संपीडित ध्वनी ऐकण्यास पुरेसा असतो. परंतु त्यातील चुका काढणे, वाक्ये बदलणे, आवाजाची पातळी सारखी करणे इ. संपादनाची कामे त्यावर थेट करता येत नाहीत. त्यासाठी तो आधी असंपीडित रूपात आणावा लागतो. या रूपांतराने ध्वनीला पुन्हा पूर्वीइतकी जागा मिळते. संपीडनात गळालेला अंश मात्र परत मिळत नाही. वितरणासाठी संक्षेप आणि संपादनासाठी पूर्णता या दोन परस्परविरोधी गरजांची सांगड घालण्याचे प्रयत्न गेली सुमारे नव्वद वर्षे चालू आहेत.

ध्वनिमुद्रिकांचा काळ : टॉमस अल्व्हा एडिसन (१८४७–१९३१) यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या एका लेखात त्यांनी या यंत्राचे जे संभाव्य उपयोग सांगितले, त्यांत अंधांसाठी बोलणाऱ्या ग्रंथांचाही समावेश होता. परंतु तत्कालीन दंडगोलावर जेमतेम काही मिनिटांचा आवाज मावत असल्याने ही कल्पना अर्धशतकाहून अधिक काळ प्रत्यक्षात येऊ शकली नाही. अमेरिकेत १९३१ मध्ये अंध प्रौढांना ग्रंथ पुरविण्यासंबंधीचा कायदा झाला आणि हे काम लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाकडे सोपविण्यात आले. १९३४ पासून तेथे ब्रेल लिपीतील ग्रंथांच्या जोडीला बोलकी पुस्तके मिळू लागली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या प्रचलित ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांचे मुद्रण होत असे. बोलक्या पुस्तकांसाठी फेऱ्यांची गती ३३⅓ पर्यंत उतरविण्यात आली व खोबणी अधिक जवळजवळ कोरण्यात आल्या. त्यामुळे एका बाजूवर सुमारे १५ मिनिटांचे वाचन मावू लागले. ब्रिटनमध्ये ही सेवा नोव्हेंबर १९३५ मध्ये सुरू झाली. तेथे गती २४ फेऱ्यांपर्यंत कमी करून एका बाजूवर सुमारे २५ मिनिटांचे मुद्रण साधण्यात आले. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाचे कार्य करणारी सेंट डन्स्टन्स ही संस्था या उपक्रमात भागीदार होती. त्या संस्थेचे प्रमुख इअन फ्रेझर हे स्वतः १९१६ मधील सॉमच्या लढाईत अंध झालेले होते.

गती कमी करणे हे संपीडनाचेच पहिले रूप होय. गती जितकी कमी, तितक्या खोबणीतील लाटा आखूड होतात. फार आखूड लाटा सुईला नीट अनुसरता येत नाहीत. म्हणून उच्च कंप्रतेचे (दर सेकंदास अधिक कंपने असलेले) ध्वनी प्रथम दबतात. संगीताला ही हानी परवडत नाही. वाचनाला ती बऱ्याच अंशी परवडते. श्राव्यग्रंथांसाठी स्वीकारलेली प्रत्येक नवी पद्धती ‘वाचनाला किती हानी परवडते’ या प्रश्नाच्या उत्तरावर आधारलेली दिसते.

या काळात संपादन जवळजवळ अशक्य होते. वाचन थेट तबकडीवर कोरले जात असल्याने वाचक शेवटच्या मिनिटाला अडखळला, तरी ती संपूर्ण बाजू पुन्हा वाचावी लागे.

ध्वनिफितींचा काळ : दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय ध्वनिफितीचा वापर सर्वत्र होऊ लागला, तेव्हा ही परिस्थिती पालटली. ध्वनिफीत पात्याने कापता येते व चिकटपट्टीने जोडता येते. चुकलेला शब्द काढून त्या जागी शुद्ध वाचनाचा तुकडा बसविणे शक्य झाले. मात्र त्यासाठी फितीची गती जास्त असावी लागते. व्यावसायिक मुद्रणात फीत सेकंदाला ३८.१ सेंमी. किंवा १९.०५ सेंमी. या गतीने फिरते. एखाद्या व्यंजनाचा उच्चार एक-विसांश सेकंद टिकतो असे धरल्यास ३८.१ सेंमी. गतीच्या फितीवर तो सुमारे १.९ सेंमी. जागा व्यापतो व त्याच्या अलीकडे-पलीकडे सहज कापता येते.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटची गती सेकंदाला ४.७६ सेंमी. होती. अमेरिकेतील अंधांच्या ग्रंथालयसेवेने तीही निम्मी केली व फितीच्या रुंदीत चार स्वतंत्र मार्ग वापरले. त्यामुळे नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटवर सहा तासांचे वाचन मावू लागले. पोस्टाने पाठविण्याच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता. पण अशा फितीवर वरील व्यंजनास केवळ १.२ मिमी. इतकीच जागा मिळते. शिवाय एका मार्गावरील चूक कापली, तर शेजारच्या तीन मार्गांवरील मजकूरही तुटतो. म्हणून अशा कॅसेटवरील वाचन संपादित करावयाचे झाल्यास ते प्रथम जलद फितीवर उतरवून घ्यावे लागे. जलद फितीवर कापण्यास जागा मिळे. संथ गतीमुळे गेलेले उच्च कंप्रतेचे ध्वनी मात्र तेथेही परत येत नसत. संपीडित फाइल असंपीडित करण्याच्या आधुनिक कृतीचे तत्त्व नेमके हेच आहे.

अंकीय ध्वनी : ध्वनितरंगाची उंची ठरावीक अंतराने मोजून ती संख्यांच्या रूपात लिहून ठेवण्याच्या पद्धतीस स्पंद संकेत विरूपण म्हणतात. व्यवहारात ती पीसीएम या आद्याक्षरांनी ओळखली जाते. ही कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्झ या ब्रिटिश अभियंत्याने १९३७ मध्ये पॅरिस येथे मांडली. तरंगातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतल्यास मूळ तरंग पूर्णपणे पुन्हा उभारता येतो, हे तत्त्व व्ह्लद्यीमिर कोतेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये व क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये गणिताने मांडले. मानवी कानाची मर्यादा सुमारे २०,००० कंपनांची असल्याने १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने हे प्रमाण ठरले. आरंभी अंकीय ध्वनी व्हिडिओ फितीवर साठविला जात असे. त्या फितीतील रेषांच्या संख्येशी जुळणारा म्हणून हाच विशिष्ट आकडा निवडण्यात आला. प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीने दर्शविला जातो.

या मापाने एकमार्गी (मोनो) ध्वनीस सेकंदाला ७,०५,६०० बिट लागतात. एका तासाचे वाचन ३१ कोटी ७५ लक्ष २० हजार बाइट, तर दहा तासांचा ग्रंथ सुमारे ३१७ कोटी बाइट जागा घेतो. द्विमार्गी (स्टिरिओ) मुद्रणास याच्या दुप्पट जागा लागते. असे असंपीडित नमुने संगणकावर साठविण्यासाठी अ‍ॅपल कंपनीने १९८८ मध्ये ‘एआयएफएफ’ आणि मायक्रोसॉफ्ट व आयबीएम या कंपन्यांनी १९९१ मध्ये ‘वेव्ह’ ही फाइलरूपे प्रचारात आणली. ध्वनिसंपादनाच्या क्षेत्रात ती आजही प्रमाण मानली जातात.

संपीडनाची तत्त्वे : अंकीय संपीडनाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात काहीही गमावले जात नाही. संख्यांतील पुनरावृत्तीचा लाभ घेऊन त्या थोडक्यात लिहिल्या जातात व उलगडल्यावर मूळ संख्या जशाच्या तशा मिळतात. २००१ मध्ये पूर्णत्वास आलेली ‘फ्लॅक’ ही पद्धती या प्रकारची होय. तिने आकार साधारणतः निम्म्याच्या आसपास येतो. दुसऱ्या प्रकारात कानाला जाणवणार नाही असा अंश काढून टाकला जातो. श्राव्यग्रंथांच्या वितरणात हाच प्रकार रूढ आहे.

मोठ्या आवाजाच्या सान्निध्यात त्याच्या जवळच्या कंप्रतेचा लहान आवाज ऐकू येत नाही. या परिणामास आच्छादन म्हणता येईल. १९२४ मध्ये वेगेल व लेन यांनी त्याची पद्धतशीर मोजमापे प्रसिद्ध केली. १९७९ मध्ये मानफ्रेट श्रोडर, बिष्णू अटल व जोसेफ हॉल यांनी या गुणधर्माचा भाषणाच्या अंकीय संकेतनासाठी उपयोग करून दाखविला. अटल हे मूळचे भारतीय असून बेल प्रयोगशाळेत त्यांनी वाणीच्या संकेतनासंबंधी पायाभूत संशोधन केले. याच इतिहासातील दुसरे महत्त्वाचे नाव बंगलोर येथे जन्मलेले नासिर अहमद यांचे होय. त्यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये पृथक् कोज्या रूपांतर ही गणिती पद्धती प्रसिद्ध केली. तिचे सुधारित रूप हे पुढील बहुतेक सर्व ध्वनिसंपीडनाचे अधिष्ठान ठरले.

जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या पद्धतीस १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकात स्थान मिळाले. १९९५ मध्ये तिच्या फाइलींना ‘एमपी-३’ हे नाव देण्यात आले. या पद्धतीच्या चाचण्यांत सुझॅन व्हेगा या गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यसाथीविना गायिलेले गीत वापरण्यात आले, ही गोष्ट श्राव्यग्रंथांच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. वाद्यवृंदाच्या कोलाहलात संपीडनाचे दोष झाकले जातात. एकट्या मानवी आवाजाभोवती मात्र ते झाकण्यास काहीच नसते. पद्धतीच्या आरंभीच्या रूपात हाच एकटा आवाज विद्रूप होत असल्याचे आढळले व त्यानुसार सुधारणा कराव्या लागल्या. श्राव्यग्रंथातही असाच एकटा आवाज तासन्‌तास ऐकावयाचा असतो. १९९७ मध्ये ‘एएसी’ ही अधिक कार्यक्षम पद्धती प्रमाणित झाली.

याहून निराळा मार्ग म्हणजे केवळ वाणीसाठी योजलेले संकेतन. त्यात ध्वनितरंगाऐवजी कंठ व मुखविवर यांच्या प्रतिमानाची माने साठविली जातात. या पद्धतीने आकार फारच कमी होतो. ऑडिबल या कंपनीने १९९७-९८ मध्ये आणलेल्या खिशात मावणाऱ्या श्राव्ययंत्राची स्मृती सुमारे ४० लक्ष बाइट होती आणि तीत दोन तासांचे वाचन मावत असे. म्हणजे कॉम्पॅक्ट डिस्कवरील एकमार्गी ध्वनीच्या सुमारे दीडशेव्या हिश्श्यात वाचन बसविलेले होते. शब्द समजत; वाचकाच्या आवाजाचा पोत मात्र फारसा उरत नसे.

संपीडित रूपातील संपादनाच्या अडचणी : एमपी-३ पद्धतीत ध्वनी १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत विभागला जातो. ४४,१०० नमुन्यांच्या मापाने एक चौकट सुमारे २६ सहस्रांश सेकंदाची होते. चौकटीच्या मध्ये कापता येत नाही आणि ‘क’, ‘ट’, ‘प’ यांसारख्या व्यंजनांचा स्फोट याहून अल्पकाळात घडतो. शिवाय लागोपाठच्या चौकटी गणिती दृष्ट्या एकमेकींवर अर्ध्या चढलेल्या असतात आणि एका चौकटीची माहिती आधीच्या चौकटींतील उरलेल्या जागेत ठेवलेली असू शकते. त्यामुळे चौकटींच्या सीमेवर कापले, तरी सांध्याजवळ खटका किंवा क्षणिक विकृती येण्याचा संभव असतो. चार मार्गांच्या कॅसेटमध्ये एक मार्ग कापताना इतर तीन तुटत, त्याचेच हे अंकीय रूप होय. आवाज लहानमोठा करणे, घरघर काढणे, दोन वाचने एकमेकांत मिसळणे या क्रिया तर मूळ नमुन्यांवरच करावयाच्या असतात. म्हणून संपादनाची साधने संपीडित फाइल उघडताना तिचे असंपीडित नमुन्यांत रूपांतर करतात. २००० मध्ये उपलब्ध झालेली ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य संगणकप्रणाली याच रीतीने कार्य करते.

रूपांतराची कृती : रूपांतर करणारी प्रणाली संपीडित संकेतांचा उलगडा करून प्रत्येक कंप्रतापट्ट्यातील माने पुन्हा मांडते, उलट गणिती रूपांतराने त्यांपासून तरंग उभारते आणि त्याचे नमुने वेव्हसारख्या फाइलीत लिहिते. कृती यांत्रिक असली, तरी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे लागते.

नमुन्यांचा दर मूळ फाइलीत असेल तोच ठेवावा. २२,०५० नमुन्यांची फाइल ४४,१०० नमुन्यांत लिहिल्याने ११,००० कंपनांच्या वरचा ध्वनी निर्माण होत नाही. केवळ जागा दुप्पट लागते. वाचन एकमार्गी असल्यास ते तसेच ठेवावे. उलगडलेल्या तरंगाची शिखरे काही ठिकाणी मूळ मर्यादेच्या किंचित वर जाऊ शकतात. १६ बिटांच्या पूर्णांकी मापात ती छाटली जातात. म्हणून संपादनकाळात २४ बिटांचे किंवा, त्याहून श्रेयस्कर, ३२ बिटांचे चल दशांशचिन्हाचे माप वापरतात. दुसऱ्या प्रकारच्या मापात मर्यादेबाहेरची शिखरेही शाबूत राहतात व नंतर आवाज कमी करून ती मर्यादेत आणता येतात.

संपीडनाच्या गणितामुळे फाइलीच्या आरंभी व अंती अल्प निःशब्द भर पडते. सुट्या प्रकरणासाठी ती नगण्य आहे. पण एकच प्रकरण अनेक तुकड्यांत साठविलेले असल्यास ते सांधताना वाक्याच्या मध्ये ठेच लागल्यासारखा खंड पडतो. वेव्ह फाइलीचा आकार ३२ बिटांच्या संख्येत नोंदविला जात असल्याने तिला सुमारे ४२९ कोटी बाइटांची मर्यादा आहे. १६ बिटांचे द्विमार्गी मुद्रण पावणेसात तासांनंतर या मर्यादेस पोहोचते. म्हणून संपूर्ण ग्रंथ एका फाइलीत न उलगडता प्रकरणवार उलगडणे इष्ट ठरते.

प्रकरणांच्या खुणा, ग्रंथाचे व वाचकाचे नाव इ. माहिती साध्या वेव्ह फाइलीत उतरत नाही. ती वेगळी नोंदवून ठेवावी लागते. डेझी पद्धतीच्या ग्रंथांत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. अंधांच्या ग्रंथालयांनी १९९६ मध्ये डेझी महासंघ स्थापन केला. त्याने ठरविलेल्या पद्धतीत प्रत्येक शीर्षक, पृष्ठ वा वाक्य ध्वनिफाइलीत कोणत्या क्षणी सुरू होते व कोणत्या क्षणी संपते, याची नोंद असते. तिच्या साहाय्याने वाचक थेट हव्या त्या पृष्ठावर जाऊ शकतो. संपादकाने तिसऱ्या मिनिटातील दोन सेकंदांचे अडखळणे काढून टाकले, तर त्या फाइलीतील पुढच्या सर्व नोंदी दोन सेकंदांनी चुकतात. डोळसास ही चूक किरकोळ वाटेल. केवळ कानांवर विसंबून पृष्ठ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ग्रंथच विस्कळित झाल्यासारखा वाटतो. संपादनानंतर या नोंदी पुन्हा जुळविणे हा रूपांतराच्या कामाचाच भाग समजला पाहिजे.

मर्यादा : असंपीडित फाइल आकाराने मूळ मुद्रणाइतकी होते, त्यामुळे तिची गुणवत्ताही तितकीच असावी, असा समज होतो. तो चुकीचा आहे. सेकंदाला ६४,००० बिटांची एमपी-३ फाइल उलगडल्यावर सुमारे अकरा पट मोठी होते. तीत माहिती मात्र पूर्वीइतकीच असते. रूपांतराचा उपयोग एवढाच, की संपादन चालू असताना आणखी हानी होत नाही. संपादनाच्या प्रत्येक टप्प्यावर फाइल पुन्हा संपीडित करून जतन केली, तर मात्र दर वेळी नवी हानी जुन्या हानीत मिसळत जाते.

संपीडनाने केलेली लपवणूक ही ध्वनींच्या परस्परप्रमाणावर अवलंबून असते. मोठ्या स्वराच्या आश्रयाने त्याशेजारी काही विकृती ठेवून दिलेली असते. संपादक जेव्हा हळू आवाजातील वाक्ये मोठी करतो, एखादा कंप्रतापट्टा उठावदार करतो किंवा छानकाने (ठरावीक कंप्रता गाळणाऱ्या योजनेने) एखादा पट्टा काढतो, तेव्हा हे प्रमाण बदलते आणि झाकलेली विकृती उघडी पडते. मूळ फाइलीत ऐकू न येणारी सळसळ संपादनानंतर ऐकू येऊ लागते, याचे कारण हेच होय. यास्तव संपीडित उगमापासून केलेले संपादन शक्य तितके सौम्य ठेवावे, असा संकेत आहे.

भाषेच्या दृष्टीनेही या मर्यादेला महत्त्व आहे. मराठीत च, ज व झ यांचे तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार आहेत. लिपीत मात्र त्यांस एकच अक्षर आहे. ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाचा ‘जरा’ हे शब्द लिहिण्यात एकसारखे असून उच्चाराने भिन्न आहेत. ‘चार’ ही संख्या व ‘गुरे चार’ या वाक्यातील क्रियापद यांचेही तसेच. छापील ग्रंथात हा भेद संदर्भावरून ओळखावा लागतो. बोलक्या पुस्तकात तो प्रत्यक्ष ऐकू येतो. हा भेद मुख्यतः घर्षणाच्या उच्च कंप्रतांत असतो आणि कमी दराच्या संपीडनात त्यांच्यावरच प्रथम गदा येते. ‘स’ व ‘श’ यांच्या भेदाचेही असेच आहे. हा अंश एकदा गेला, की कोणत्याही रूपांतराने तो परत आणता येत नाही.

जतन : वरील कारणांमुळे मूळ मुद्रण असंपीडित अथवा हानिरहित रूपात जपावे व संपीडित प्रती केवळ वितरणासाठी काढाव्यात, असे तत्त्व मान्यता पावले आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूत्रांत जुन्या फिती व ध्वनिमुद्रिका यांचे अंकीकरण सेकंदाला किमान ४८,००० नमुने व २४ बिट या मापाने करावे आणि जतनप्रतीसाठी हानिकारक संपीडन वापरू नये, असे सांगितले आहे. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने वेव्ह फाइलीत वर्णनात्मक माहिती अंतर्भूत करण्याची सोय १९९७ मध्ये केली व पुढे ‘आरएफ-६४’ या रूपाने आकारमर्यादेचाही प्रश्न सोडविला. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’ या स्वयंसेवी उपक्रमात हक्कमुक्त ग्रंथांची वाचने सेकंदाला १,२८,००० बिटांच्या एमपी-३ रूपात प्रसिद्ध होतात. अशा उपक्रमांत वाचकाने आपले असंपीडित मुद्रण स्वतःजवळ राखणे अगत्याचे ठरते, कारण प्रसिद्ध झालेली प्रत ही संक्षिप्त प्रत असते.

ध्वनिमुद्रणाचा खर्च व साठवणीची जागा अपुरी होती, त्या काळात केवळ संपीडित प्रतच शिल्लक ठेवण्याचा मोह स्वाभाविक होता. सेकंदाला ३२,००० बिट या दराने एका कॉम्पॅक्ट डिस्कवर सुमारे पन्नास तासांचे वाचन मावते. पूर्ण मापाने मात्र तिच्यावर सव्वा तासाच्या आसपासच द्विमार्गी ध्वनी मावतो. हा फरक लहान संस्थांना दुर्लक्षिता येण्याजोगा नव्हता. पण संपीडित प्रतच एकमेव प्रत झाली, म्हणजे तिच्यातील न्यून तेच मुद्रणाचे अंतिम रूप ठरते. अशा स्थितीत ती प्रत मूळ स्वरूपात न बदलता जपणे, तिचे एकदाच असंपीडित रूपांतर करून संपादन त्या प्रतीवर करणे आणि संपादित प्रतही असंपीडित वा हानिरहित रूपात ठेवणे, एवढाच उपाय उरतो.

भारतातील स्थिती : भारतात बोलक्या पुस्तकांचा प्रसार प्रामुख्याने कॅसेटच्या रूपाने झाला. मुंबईतील नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड (स्थापना १९५२) या संस्थेने बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय चालविले असून अशा संस्थांतील वाचने बव्हंशी स्वयंसेवकांनी केलेली असतात. कॅसेटचा काळ संपल्यावर डेझी पद्धतीचा अवलंब होऊ लागला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे मुद्रितवाचन करू न शकणाऱ्यांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. व्यापारी क्षेत्रात स्वीडनमधील स्टोरीटेल या कंपनीने २०१७ मध्ये भारतात प्रवेश करताना इंग्रजी व हिंदीबरोबर मराठी श्राव्यग्रंथही उपलब्ध केले.

प्रतिमुद्राधिकाराच्या (कॉपीराइटच्या) कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने विकलांग व्यक्तींसाठी ग्रंथांच्या सुलभ प्रती तयार करण्यास मुभा मिळाली. याच आशयाच्या २०१३ मधील माराकेश करारास २०१४ मध्ये मान्यता देऊन भारत हा त्यास अनुसमर्थन देणारा पहिला देश ठरला. त्याच दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणे हा गुन्हा ठरविण्यात आला. विक्रीसाठी आलेले बहुसंख्य श्राव्यग्रंथ कुलूपबंद संकेतांत असल्याने त्यांचे असंपीडित रूपांतर हा केवळ तंत्राचा नव्हे, तर अनुमतीचाही विषय आहे. संपादनासाठी लागणारी प्रत हक्कधारकाकडून, आणि शक्यतो मूळ असंपीडित रूपातच, मिळविणे हा योग्य मार्ग होय.

साठवणीची जागा आता स्वस्त झाली आहे. पूर्ण मापातील दहा तासांचा एकमार्गी ग्रंथ साधारण संगणकावर सहज मावतो. त्यामुळे नव्या मुद्रणांच्या बाबतीत मूळ प्रत टाकून देण्याचे कारण उरलेले नाही. जुन्या संग्रहांतील कित्येक वाचकांचे आवाज मात्र अद्याप कॅसेटवर आहेत. चुंबकीय फिती कालांतराने खराब होतात व त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. या फितींचे अंकीकरण पहिल्याच वेळी असंपीडित रूपात झाले, तरच त्यांतील वाचने पुढील संपादनास व अभ्यासास उपयोगी पडतील.